ग्वेनिलीचं चाक

‘ग्वेनिली’ला उएसाँ बेटावर पोचवायचं होतं. कोंकेच्या बंदरातून ही जुनी शिडाची बोट काढायची, वाटेतल्या मोलेन बेटाला वळसा घालायचा, फ्रोमव्हरचा उसळता प्रवाह ओलांडायचा आणि लांपोलच्या धक्क्याला लागायचं. तिथे राहणाऱ्या म्हाताऱ्या गुल्वेनने आपल्या दोन्ही मुलींना निरोप धाडला होता, "धक्क्याला लागताना जिच्या हातात सुकाणूचं चाक असेल, बोट तिची."

थोरल्या एनोराने दोर सोडले, शीड चढवलं आणि वळून पाहते तर काय, धाकटी स्वाझिक चाकाशी उभी! विचारणं नाही, सवरणं नाही. एनोराच्या अंगाचा तिळपापड झाला. हे आजचं नव्हतंच. लहानपणापासून ग्वेनिलीचं चाक स्वाझिकला आणि एनोराला मात्र ते दांड्याने वळवायचं टीचभर होडकं. ‘स्वाझिकला बापाचा हात आलाय,’ असं गाव म्हणे, आणि ते ऐकलं की एनोराच्या तोंडचा घास कडू होई.

मोलेनच्या आडोशाला आल्या आणि पायाखाली खाडकन आवाज झाला. चाक नुसतंच गरागरा फिरू लागलं!

"तार तुटली!" स्वाझिक ओरडली. "सकाळी त्या लांबकान्याचं नाव घेतलंस का गं?"

बोटीवर सशाचं नाव काढायचं नाही, हे दोघींना पाळण्यातच शिकवलेलं.

"मी कशाला घेऊ? तूच चाक ओरबाडत होतीस. नांगर टाक! आणि सुकाणूचा जादा दांडा कुठाय?"

"बाबांनी कोंबड्यांच्या खुराड्याला अडसर केलाय त्याचा."

नांगर पडला, पण वाळूत ठरेना. बोट हळूहळू घसरू लागली आणि मागे ओहोटीत खडक वर येऊ लागले. एनोरा डोकं खाली, पाय वर अशी मागच्या कोनाड्यात शिरली. चाकापासून सुकाणूपर्यंत दोन तारा होत्या. एक तुटलेली, दुसरीही गंजलेली. तिने दोन्ही कापून टाकल्या. नव्या तारा कप्प्यांतून ओवताना बोटं सोलवटली, त्याचं तिला काहीच नव्हतं. वर स्वाझिक गुणगुणत होती, ते मात्र सहन होईना. मी इथे ग्रीसमध्ये लोळायचं आणि बोट हिने मिरवायची!

"चाक फिरवून सुकाणू एकदा बघू का गं?" वरून आवाज आला.

"काही नको! एवढं तरी माझं मला करू दे."

स्वाझिकने खांदे उडवले. नांगर ओढला, शीड ताणलं, आणि एनोरा हात पुसत वर येते तो पुन्हा तीच चाकाशी!

शिडात वारा भरला. डाव्या हाताला खडक होते, म्हणून स्वाझिकने चाक उजवीकडे फिरवलं. बोट डावीकडे गेली! तिने आणखी उजवीकडे फिरवलं. बोट आणखी डावीकडे!

एनोराला लख्खकन आठवलं. चाकाखाली त्या तारा एकमेकींना ओलांडून जायच्या. तिने रागाच्या भरात सरळ नेल्या होत्या!

"उलटं! उलटं फिरव!"

स्वाझिकने फिरवलं. पण लाट आली आणि तिचे हात सवयीने पुन्हा उजवीकडेच गेले. खडक समोर! एनोराने तिला खांद्याने ढकललं आणि चाक धरलं. विचार करायला वेळच नव्हता. होडक्याचा दांडा डावीकडे लोटला की नाक उजवीकडे वळतं, एवढंच हातांना ठाऊक होतं. तिने चाक डावीकडे लोटलं. ग्वेनिली उजवीकडे वळली! खडक हातभर अंतरावरून मागे गेला!

मग फ्रोमव्हर. तिथे नांगर टाकायची सोय नाही आणि प्रवाह थांबू देत नाही. लाटा चहूकडून उठत होत्या. एनोरा उलट्या चाकाने बोट हाकत राहिली आणि मनातल्या मनात म्हणत राहिली, आता कळलं ना, हात कुणाला आलाय ते?

लांपोल दिसलं, तेव्हा तिच्याने राहवेना. "चूक माझीच. पण तुझा हेवा वाटत आलाय मला. कायमच. चाक तुला आणि होडकं मला."

स्वाझिक चिंब भिजून, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. "अगं वेडे, मला चाकाशी उभं करून बाबा खाली जाऊन झोपायचे. तुझ्या होडक्यात मात्र तुझ्याशेजारी बसायचे. तुझ्या हातावर हात ठेवून. मी धक्क्यावरून बघत बसायचे."

धक्क्यावर काठी टेकून उभा असलेला गुल्वेन दिसू लागला, तशी एनोरा म्हणाली, "ये इकडे."

तिने स्वाझिकचे हात चाकावर ठेवले आणि त्यांवर आपले. "डावीकडे लोट. घाबरू नकोस, मी आहे."

बोट अलगद धक्क्याला लागली. चाकावरचे चार हात पाहून गुल्वेन गोंधळला. "आता ही बोट कुणाची म्हणायची?"

"ते मागाहून बघू," दोघी एकदमच ओरडल्या. "आधी कोंबड्यांकडून आमचा दांडा आणा!"