एल्डरकोमचा वारस

“दार लावू नका... बाळ रडलं तर मला ऐकू यायला हवं.”

लॉर्ड एल्डरकोमचा हा शेवटचा आवाज. कितीतरी वर्षं झाली, अजून कानात आहे. पुढचं सगळं खरं आहे. माझ्या डोळ्यांदेखत घडलंय.

साल सतराशे त्रेसष्ट. डॉर्सेटमधलं त्यांचं घर. ते माझ्या हेन्रिएटाताईचे यजमान, राजाचे मंत्री. भांडणारे देश त्यांनी एका टेबलाशी बसवले. पदरी मात्र तीन मुलीच.

आमच्यात किताब, जमीन, घर, सगळं मुलाला जातं. मुलगा नसेल तर त्यांचा धाकटा भाऊ अँब्रोज मालक. ताई मुलींसकट दाराबाहेर.

ते शेवटच्या घटका मोजत असताना ताई त्यांच्या कानात काही बोलली. ते हसले, दार उघडं ठेवायला सांगितलं आणि गेले.

दुसऱ्या दिवशी घरभर झालं, ताईला दिवस गेलेत. आता बाळ होईपर्यंत अँब्रोजला थांबणं भाग होतं.

हिवाळ्यात एका धुकट संध्याकाळी तो जेवायला आला. मेंढीचं मांस कापता कापता म्हणाला, “वहिनी, बाळ बापावरच गेलंय हं. पक्कं मुत्सद्दी! आतलं बाहेर काही दिसूच देत नाही.”

“तुम्ही जेवा, भावजी. ताट तरी अजून आमचंच आहे.”

तेवढ्यात...

वर पाळणा हलला.

करकर... करकर...

बाळाची खोली तर बंद होती. ताईनं शाल घट्ट ओढून घेतली.

मग पावलं. एक ठाम... एक ओढत आणलेलं. वातानं सुजलेला त्यांचा पाय असाच वाजायचा.

जिन्याशी झोपलेला कुत्रा उठला, बाहेर गेला. परत आलाच नाही.

मग गुणगुणणं... हलकं, ओलं. जणू धुक्यानंच अंगाई धरली होती.

“बाबा गातायत,” थोरली हेस्टर म्हणाली. “आमच्यासाठी कधी नाही गायले.”

आणि धाकटी पॉली?

तिची खुर्ची रिकामी होती.

आम्ही वर धावलो. दार सताड उघडं. रिकामा पाळणा झुलत होता. शेजारी पॉली बसलेली, ओठ निळे.

“शू... बाबा म्हणतात, ‘तुझा भाऊ आला की मी जाईन. तोवर तू सोबत बस.’”

मी तिला उचलू लागले. उचलेना. तिचा हात पलीकडून कुणीतरी धरला होता...

ताई दारात उभी. मागे अँब्रोज. एका शब्दानं घर जाणार होतं. तिला ते ठाऊक होतं.

ती बोलली. आम्ही ते घर सोडलं. पॉली तो पुरा हिवाळाही जगली नाही. आजही कुणाकडे पाळणा दिसला की मी उठून जाते. कारण तेव्हा पॉलीचा हात सुटला खरा, पण पाळणा थांबला नाही. अधिकच हळुवार हलू लागला... जणू ताईचं ऐकलंच नाही, असा.

ताई त्या रिकाम्या गादीकडे पाहून म्हणाली होती, “अहो, सोडा हो तिला. तुम्ही सुखानं जावं म्हणून खोटं बोलले मी. मग पोरींच्या डोक्यावर छप्पर राहावं म्हणून तेच रेटलं. बाळ नाहीये. नव्हतंच कधी.”