दुसऱ्या भागातली जुबैदा

त्या विळेवाल्याचा पहिला पिक्चर पाहा, बाप्पा, तिसराबी पाहा. दुसरा लावू नका. हासू नोको, सुरभी. मले मालूम आहे, तो कोनालेच आवडला नाई. साऱ्या पिक्चरभर तो खुनी हातात विळा घेऊन, तोंडाले बारदाना बांधून नुसता चालते, म्हून लोक शिट्ट्या मारत अर्ध्यातून उठून गेलते. अमर, मोबाईल ठेव खाली. काहून ते सांगतो.

मांगच्या कार्तिकातली गोष्ट. माही शेतातली मोटर जळाली होती, ती आनाले मी संध्याकाळी रहेमानभाऊच्या दुकानात गेलतो. आपल्या मुकुटबनात जळाली मोटर नव्या तारेनं भरावी तं रहेमाननंच. शटर अर्धं पाडलेलं होतं. वाकून आत गेलो, तं हा मानूस टीवीसमोर बसलेला.

"मोटर झाली, नानाभाऊ. बसा. जुबैदाले पाहून जा."

जुबैदा त्याची बायको. पोट्टी झाली, आरजू, त्या बाळंतपनातच गेली. तिचा एक फोटो नाई घरात, रहेमानच्या आईले फोटो काढनं पटत नसे. पन विळेवाल्याचा तो दुसरा भाग आपल्याच शिवारात काढलता. रहेमान तवा त्या पिक्चरवाल्याइचं जनरेटर चालवे. एक दिवस जुबैदा त्याचा डबा घेऊन आली, बाभळीखाली उभी राह्यली, अन क्यामेऱ्याच्या बाजूले नवरा दिसला म्हून हासली. तेवढंच पिक्चरमधी राह्यलं. पोट्टी मोठी झाली, तिनं मोबाईलवर तो पिक्चर धुंडला, पेनड्राइवमधी भरून बापाले देल्ला. तवापासून रहेमान रोज दुकान बंद कराच्या आंधी तेवढा तुकडा पाहे. जगाले नको झालेला पिक्चर, अन याच्या घरचा तेवढाच एक फोटो.

मीबी पाह्यलं. आताच्या आरजूएवढीच बारीकशी पोरगी, हातात डबा, डोक्यावरचा पदर हवेनं सरकलेला. तिच्या मांगं दूर धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, विळेवाला चालून राह्यला होता.

"कुठं आहे तो?" रहेमाननं इचारलं.

"धुऱ्यावर."

त्यानं तुकडा पुन्हा लावला. आता विळेवाला कपाशीत होता. धुऱ्याच्या अलीकडं.

म्हटलं, "तारा गुंडाळून गुंडाळून तुह्ये डोळे गेले, अन तुह्या संगतीनं माह्येबी."

तो हासला नाई. "पयले तो धुऱ्याच्या पल्याड होता, नानाभाऊ. मी पाह्यतो, अन तो येते. ती माह्याकडं पाहून हासते ना... तिले मांगचं दिसत नाई." मंग त्यानं टीवी बंद केला. "आता नाई पाहत. मी पाह्यलं नाई तं तो चालनार नाई."

इतक्या वर्सानं भेटलेली बायको. मानसानं बटन दाबून पुन्हा सोडून देल्ली.

पन पोट्टीले त्यानं हे सांगतलं नाई. भेईन म्हून. आरजूले वाटलं, अब्बा चूप चूप काहून राह्यतात, अम्मीकडं पाहत काहून नाईत? दोन-चार दिवस तिनं पाह्यलं. मंग गुरुवारी, अवसेच्या आदल्या दिवशी, बाप नमाजाले गेलता तवा तिनं दुसरी किल्ली घेतली. तेवढाच तुकडा फिरून फिरून लागन असा टीवीवर लावला, आवाज बंद केला, अन शटर पाडून घरी आली. सकाळी अब्बानं शटर उचललं का अम्मी समोर हासत असावी. एवढंच तिच्या मनात.

त्या हप्त्यात शेतातली लाईन रातची होती. बारा वाजून गेले असतीन. मी मोटर सुरू कराले निंघालो. दुकानासमोर आलो तं शटरच्या खालून उजेड. निळा. हाले... थांबे... हाले.

मी तसाच रहेमानच्या घरी गेलो. उठवलं. सांगतलं. तं आरजूच बोलली, "मी लावून ठेवलं, अब्बा. तुमच्यासाठी. संध्याकाळपासून चालू आहे ते."

रहेमान तसाच दुकानाकडं पळाला. चप्पलबी घातली नाई.

शटर उचललं.

टीवी चालू होता. बाभूळ होती. कपाशी होती. बाभळीखाली डबा पडला होता, झाकन बाजूले.

ती नव्हती.

मी कपाशीत पाह्यलं. धुऱ्यावर पाह्यलं.

तोबी नव्हता.

तुकडा संपला. पुन्हा लागला. बाभूळ. कपाशी. डबा...

रहेमाननं वायर ओढली. आम्ही रहेमानच्या घरी आलो, तवा कुठं त्यानं आरजूले विळेवाल्याचं सारं सांगतलं. घरात गेल्यावर त्यानं दाराची कडी काढून ठेवली अन समोर बसला. म्हने, "पळाली असंन तं कुठं जाईन ती? तिले हेच घर मालूम आहे."

आरजू उठली. कडी लावली. "अन तो तिच्या मांगं असंन तं, अब्बा?"

त्यानं काढली. तिनं लावली. पाठ दाराले लावून उभी राह्यली.

"मी तिचा आवाजच आयकला नाई कदी," आरजू म्हने. "बाहेर कोन आहे, ते मले कसं समजंन?"

रहेमान खाली बसला.

गल्लीतले कुत्रे चूप झाले.

पाय वाजले नाई. काईच वाजलं नाई. फक्त दार... जरासं आत आलं. जसं बाहेर कोनी टेकलं. खाली बसून.

रहेमान म्हने, "जुबैदा?"

...

आरजूनं कडीवरचा हात काढला नाई.

किती वेळ गेला, मले सांगता येत नाई. मंग दार आपल्या जागी गेलं. हळूच.

बांग झाली तवा उघडलं. आंगनात कोनी नव्हतं. दाराच्या खालच्या फळीवर, बाहेरून, नखाचे ओरखडे होते. ताजे. आतलं लाकूड पांढरं दिसे.

काय म्हनतं, अमर? कुत्रं असंन?

मीबी तेच म्हटलं, बापू. रहेमानलेबी तेच सांगतलं. आरजू पुढं झाली. खाली बसली. आपला हात त्या ओरखड्यावर ठेवला, एक एक बोट.

बरोबर बसला.