उजव्या आरशातली

गाडीमागे चाकांवरचं घर जोडून फिरायला निघालं की ओदेतचं काम ठरलेलं असायचं. मुक्कामाच्या जागी खाली उतरायचं, मागे डाव्या अंगाला, म्हणजे चालवणाऱ्याच्या बाजूला, उभं राहायचं आणि लुसिएनला डाव्या आरशात दिसेल असा हात हलवायचा. मागच्या पत्र्यावर दोन थापा म्हणजे ये, अजून ये. एकच जोरात थाप म्हणजे बास. लुसिएनने लील शहरात जन्मभर बस हाकली होती, कुणाचं ऐकून घेणारा गडी नव्हे. पण गाडी मागे घेताना मात्र तो बायकोच्या हाताकडे डोळे लावून असायचा.

खरं सांगायचं तर दिवसभरात नवरा तिच्याकडे नीट बघायचा तो एवढाच वेळ. नोकरी संपली आणि त्याचं बोलणंच आटलं. प्रवासात तरी तोंड उघडेल म्हणून तिनेच ही सहल काढली होती. क्रूझ नदीच्या खोऱ्यात येऊन पोचले, तरी "पाव घेतलास का?" यापलीकडे बोलणं सरकलं नव्हतं. ओदेतला फार एकटं वाटत होतं. घरी वाटायचं त्याहून जास्त.

ऑक्टोबर संपत आला होता. नदीकाठच्या मुक्कामाच्या तळावर पोचले तेव्हा तिथली राखणदारीण जेवायला घरी गेलेली. भरदुपार, पण धुकं असं दाटलेलं की नदी नुसती ऐकू येत होती. चिटपाखरू नव्हतं. ओल्या पानांचा कुजका वास तेवढा सुटला होता.

"बाई येईपर्यंत थांबू या ना," ओदेत म्हणाली.

"दोन वाजेपर्यंत? तोवर माझा सांगाडा होईल. ती बघ, पाण्याकडची जागा. झकास आहे."

त्या जागेच्या टोकाला शेवंतीची कुंडी होती. पिवळीधमक, ताजी. ओदेत जागीच थबकली. त्यांच्या मुलखात थडग्यावर वाहायची फुलं ती, कुणी हौसेनं अंगणात ठेवत नाही. आणि मेलेल्यांचा सण तर तोंडावर आलेला.

"लुसिएन, इथे कुणीतरी गेलंय रे..."

"मग काय, ते जागा अडवून बसणार? उगाच भुतं नाचवू नकोस." त्याने कुंडी उचलली, झुडपापाशी नेऊन ठेवली आणि पँटला हात पुसत गाडीत जाऊन बसला.

ओदेत आपल्या जागी उभी राहिली. हात हलवला. घर उतारावरून हळूहळू मागे येऊ लागलं. काठ जवळ आला तशी तिने पत्र्यावर सणसणीत एक थाप मारली. बास.

घर थांबलं नाही.

"अरे थांब! लुसिएन!" तिने पुन्हा थाप मारली. चाकाखालची माती सुटून पाण्यात पडल्याचा आवाज आला. ती जिवाच्या आकांताने पुढे धावली, त्याच्या काचेवर बुक्क्या मारल्या. त्याने मान वळवलीच नाही. तो उजव्या आरशात बघत होता. बघून हसत होता.

ती गाडीला पुढून वळसा घालून पलीकडे गेली. गाडीच्या त्या अंगाला कुणीच नव्हतं. फक्त शेवंतीचा वास होता, नाकात जाऊन बसणारा. दार उघडून ती आत कोसळली आणि दोन्ही हातांनी ब्रेकचा दांडा वर ओढला. गाडीला गचका बसला आणि इंजिन बंद पडलं.

"मारायचंय का रे स्वतःला?" ओदेतला रडू फुटलं. "ऐकू येत नाही? घसा फोडून ओरडतेय मी!"

लुसिएन भांबावून तिच्याकडे बघत राहिला. मग आरशाकडे. मग पुन्हा तिच्याकडे.

"तूच तर बोलवत होतीस... उजव्या बाजूने."

"मी कधी उजवीकडे उभी राहिलेय?"

"मलाही नवल वाटलं. पण हात करत होतीस. ये, ये म्हणून." त्याचा आवाज मऊ झाला होता, लग्नाआधी असायचा तसा. "आणि हसत होतीस, ओदेत. किती वर्षांनी हसताना पाहिलं तुला. मला वाटलं, आता... आता सगळं नीट होणार."

इतकी वर्षं ओदेतला वाटत होतं, एकटी आपणच आहोत. तिने ब्रेकवर दोन्ही हात तसेच दाबून धरले. "मी इथे आहे रे," ती पुटपुटली. "इकडे बघ. माझ्याकडे बघ ना..."

त्याने तिच्याकडे बघितलं. खरंच बघितलं, नीट, डोळ्यांत.

आणि मागे, पाण्याकडच्या पत्र्यावर, कुणीतरी हलक्या हाताने दोन थापा मारल्या.

लुसिएनची नजर उजव्या आरशाकडे वळली. चेहऱ्यावर हळूच हसू आलं. ओदेतच्या हातांवर त्याचा हात येऊन पडला, आणि एकेक करून तिची बोटं तो ब्रेकवरून सोडवू लागला.