हंस हटवणारा माणूस

शिवांगीच्या डोक्यावर ससाणा पडला तेव्हा सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. ससाणा कापडी होता, मोठ्या पतंगासारखा. त्याची दोरी धरून एक तरुण हिरवळीवरून धावत आला.

"सॉरी मॅडम, लगा तो नहीं?"

"काय हे सकाळी सकाळी..." ती केस सोडवत पुटपुटली.

तो थबकला. "अरे... मराठी?"

ती मिरजेची. बहारीनमध्ये अदलिया भागातल्या एका इंटिरियरच्या ऑफिसात ड्रॉइंग करायची आणि कामाआधी या तळ्याकाठच्या बागेत फिरायला यायची. तो प्रज्योत रामटेके, वर्ध्याचा. बागेची देखभाल करणाऱ्या कंपनीत टेक्निशियन. काही वर्षांपूर्वी शोभेसाठी तळ्यात चार हंस सोडले होते, त्यांचे आता बेचाळीस झाले होते. हिरवळ विष्ठेनं भरली होती, मुलं घसरून पडत होती, लोकांनी चटया अंथरणं सोडून दिलं होतं. बहारीनच्या उन्हात महत्प्रयासानं वाढवलेलं गवत हंस मजेत खात होते. त्यांना तिथून हटवणं हे प्रज्योतचं काम.

"बदकं पळवायला पतंग?" तिनं विचारलं.

"बदकं नाहीत, गूज आहेत ते."

"गूज म्हणजे मराठीत वेगळंच काहीतरी असतं."

"माहीत आहे," दोरी गुंडाळत तो म्हणाला. "ते पळवायची ऑर्डर नाही मला."

ती हसली. त्यानं वर पाहिलं नाही, पण दोरीचा गुंता झाला.

चौथ्या दिवशी हंस ससाण्याच्या सावलीतच चरू लागले. मग प्रज्योतनं पाण्याच्या कडेचं गवत कापणं थांबवलं आणि तिथं खुंट रोवून दोन दोऱ्या ताणल्या.

"उंच गवतात त्यांना पलीकडचं दिसत नाही," त्यानं सांगितलं. "दिसलं नाही की भीती वाटते. मग येत नाहीत."

"माणसांचंही तसंच असतं."

"काही माणसं तरीही येतात," तो म्हणाला. "रोज. पंधरा मिनिटं लवकर."

एकदा सकाळी भुरभुर पाऊस आला. दोघं अवजारांच्या पत्र्याखाली उभी राहिली. त्यानं थर्मासच्या झाकणात चहा ओतून तिला दिला.

"आणि तुम्ही?"

"झाकण एकच आहे... मी नंतर."

तिनं झाकण परत दिलं. त्यानं ते न पुसता पुन्हा भरलं. दोघंही पावसाकडे बघत राहिली.

फेब्रुवारी लागला तेव्हा हिरवळीवर नऊच हंस येत होते. "आठवडाभरात खलास," तो म्हणाला. "मग मला दूर, रिफा शहरातल्या साइटवर टाकतील."

"अच्छा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो यायच्या आधी तिनं बागेच्या टोकाला दोन पोळ्या कुस्करून टाकल्या. का, याचा तिनं विचार केला नाही. पोळ्या मात्र आदल्या रात्री मुद्दाम दोन जास्त केल्या होत्या.

हे आठ दिवस चाललं. नऊचे सव्वीस झाले. प्रज्योतनं खुंट नव्यानं रोवले, दोऱ्या बदलल्या. थर्मास आणणं त्याला सुचेनासं झालं.

"कोणीतरी पोळी टाकून राहिलं," बुधवारी तो म्हणाला. "पोळी... म्हणजे आपल्यापैकीच कोणी. उद्या ताहिरभाई येतील, बागेचे सुपरवायझर. त्यांनी हे पाहिलं की काम दुसऱ्या कंपनीला. ते लोक हंस पकडून मारून टाकतात."

"आणि तुम्ही?"

"काम गेलं की कंपनी मला काढेल, व्हिसाही जाईल. परत जावं लागेल." त्यानं एक सैल खुंट पायानं दाबला. "बहिणीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे. असो."

ऑफिसला उशीर होतोय असं सांगून ती निघाली. त्या दिवशी एका ड्रॉइंगमध्ये ती खोलीला दारच काढायला विसरली.

गुरुवारी ती आली तेव्हा ताहिरभाई हिरवळीवर उभे होते. प्रज्योत मान खाली घालून ऐकत होता. ती सरळ त्यांच्यासमोर गेली.

"खाना मैं डालती थी. आठ दिन से. इनकी कोई गलती नहीं."

प्रज्योतनं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत आधी राग होता आणि तो रास्त होता.

"बोर्ड नहीं देखा?" ताहिरभाईंनी विचारलं. "क्यों डाला, मैडम?"

तिचं हिंदी तिथं संपलं. ती प्रज्योतकडे वळली.

"हंस गेले की तू जाणार होतास... म्हणून."

वाऱ्यानं दोऱ्या थरथरल्या.

"क्या बोली?" ताहिरभाईंनी विचारलं.

प्रज्योतनं घसा खाकरला. "बोली... कल से नहीं डालेगी."

"इसमें कान लाल होने जैसा क्या है?"

ताहिरभाईंनी त्याला दोन आठवडे दिले. निघताना 'पक्ष्यांना खाऊ घालू नका' अशा बोर्डाकडे बोट दाखवून तिला तो मोठ्यानं वाचायला लावला. तिनं वाचला.

दोन आठवडे ती बागेत फिरकली नाही. प्रज्योतनंच तसा मेसेज केला होता: 'आधी काम होऊ दे.' शेवटचा हंस एका मंगळवारी इतरांमागे दक्षिणेकडे उडून गेला. प्रज्योतची रिफाला बदली झाली.

शुक्रवारच्या सुट्टीत हिरवळीवर चटया पसरल्या होत्या. शिवांगी कडेला बसली होती. इस्त्रीचा शर्ट घातलेला प्रज्योत आला आणि तिच्यापासून हातभर अंतर ठेवून गवतावर बसला.

"आज इकडे काय काम?"

"काम मफी, काहीच नाही," तो म्हणाला. "तुला भेटायला आलो."

तिनं गवताची एक काडी तोडली. "राग गेला?"

"चार दिवस होता. मग... बाकीचे दिवस तू काय म्हणालीस तेच आठवत होतं."

तो किंचित जवळ सरकला.

"दर शुक्रवारी येईन. चालेल?"

"आणि बाकीचे दिवस?"

त्यानं हिशोब केला. "रिफाहून बस... अदलियात पोचायला मला संध्याकाळचे साडेसहा होतील."

"ऑफिस सहाला सुटतं," ती म्हणाली. "थांबेन मी."