खडूने लिहिलेलं नाव

“मॅडम, तो दरवाजा गेलेला आहे.”

कल्पिताने वळून पाहिलं. जुन्या खिडक्यांच्या थप्पीमागून एक उंच, सावळा मुलगा बाहेर आला. कानामागे खडू, केसांत लाकडाचा भुसा आणि चेहरा असा, की जणू तिने त्याच्याच घराचं दार उचलून चालवलं होतं.

“गेलेला म्हणजे? इथेच तर उभा आहे!”

“वरचं नाव वाचा ना. ‘हर्षित, ठाकुर्ली’. आमच्याकडे मालावर खडूने नाव पडलं, की तो माल त्याचा. आठ दिवस दुसऱ्या कुणाला दाखवत पण नाही.”

“आणि आठ दिवसांत हर्षित आलेच नाहीत तर?”

“ओलं फडकं मारायचं. विषय संपला.”

प्रेमात पडायला बाग लागते, तळं लागतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा डोंबिवली पश्चिमेला महेंद्रशेठच्या वखारीत जाऊन यावं. अर्धी डोंबिवली पाडून नवी बांधायला निघालेली. त्या पाडलेल्या इमारतींची दारं, ग्रिल, पत्रे, ओट्यांचे कडाप्पे असं सगळं तिथे येऊन पडतं. कुणाच्या दारावर अजून लक्ष्मीची पावलं असतात, कुणाच्या खिडकीवर पोराने चिकटवलेले स्टिकर. आणि या सगळ्या पसाऱ्यात हा रतन — माण तालुक्यातून सहा वर्षांपूर्वी आलेला, हिशेबाला पक्का, तोंडाने मिश्कील.

“पण तुम्हाला सागवानी दरवाजा कशाला?”

“कोंबड्यांना.”

त्याने दरवाजाकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, “कोंबड्या बेल वाजवून आत जाणार का?”

कल्पिताला हसू आलं. किती दिवसांनी आलं, हे तिचं तिलाच ठाऊक.

कोपरला त्यांचं जुनं बैठं घर होतं, मागे हातभर परस. तिची आई जाऊन चार वर्षं झालेली. बाबा — गणू भोईर, मिठागरावर उभं आयुष्य काढलेला माणूस — त्यांचा उजवा हात गेल्या गणपतीत लकव्याने गेला, आणि हाताबरोबर बोलणंही गेलं म्हणायचं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायचे. मग दिव्याला राहणाऱ्या आत्याने एक ठिपक्यांची गावठी कोंबडी आणून सोडली. ती खुडूक झाली, तसे बाबा आपणहून उठले, डाव्या हाताने टोपलीत पेंढा पसरला आणि तिच्याखाली अकरा अंडी ठेवली. “एकवीस दिवस,” ते म्हणाले. महिन्याभरात त्यांनी उच्चारलेलं ते पहिलं वाक्य होतं.

आता परसात मुंगसं आणि घुशी. एकवीस दिवसांत पक्कं खुराडं उभं राहिलं नाही, तर पिल्लं एका दिवसात फस्त होणार, आणि बाबा पुन्हा भिंतीकडे वळणार — कल्पिताला हे स्पष्ट दिसत होतं. सुताराने सांगितलेल्या आकड्यात कोंबड्यांना वन आरकेचा फ्लॅट मिळाला असता. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. बाबांची औषधं आणि फिजिओथेरपी वजा जाता हातात राहायचं ते बेताचंच.

“तीन दिवस गेले,” ती रतनला म्हणाली. “अठरा उरलेत.”

त्याने कानामागचा खडू काढला. “चला. मच्छरजाळीच्या दाराकडे बघू पण नका, घूस ती कागदासारखी फाडते. हे किचनचं ग्रिल घ्या, त्यावर बारीक तारेची जाळी मारू. हवेला फ्रिजमधले हे तारेचे रॅक. वर गॅलरीचा पत्रा. आणि खाली कडाप्पा. लोक तिथेच चुकतात — वरून किल्ला बांधतात आणि घूस खालून येते.”

“तुम्हाला एवढं कसं माहीत?”

“गावाला आईच्या चाळीस कोंबड्या आहेत, मॅडम. मी शाळेत कमी आणि खुराड्यात जास्त होतो. नाव सांगा.”

“कल्पिता.”

त्याने ग्रिलवर नाव लिहिलं. अक्षर मात्र मोत्यासारखं. तिने पाहिलं, कोपऱ्यातल्या शिडीवर लाल ऑइलपेंटने ‘महेंद्र’ लिहिलेलं होतं.

“ते खडूने नाही?”

“ते घरचं. ऑइलपेंटने नाव घातलं की ती वस्तू आपली. ती विकत नाहीत.”

मग ती दर एक दिवसाआड जाऊ लागली. कधी बिजागऱ्या हव्या असायच्या, कधी नुसतंच काहीतरी हवं असायचं. सातव्या दिवशी फेब्रुवारीत कुणी मागितली नव्हती अशी सर आली आणि वखारीतली सगळी नावं धुऊन गेली. गिऱ्हाइकांची ही भांडणं! एका खिडकीवर तिघं हक्क सांगत होते. कल्पिता धावत आली, तर तिचा माल ताडपत्रीखाली कोरडा, नाव जसंच्या तसं.

“बाकीच्यांचं का नाही झाकलंत?”

“ताडपत्री एकच होती…” तो दुसरीकडे बघत म्हणाला.

रविवारी तो ड्रिल घेऊन घरी आला. मजुरी विचारली तर म्हणाला, “जेवण द्या. खाडीची कोलंबी असेल तर दोनदा जेवेन.” बाबा खुर्ची टाकून परसात बसले. रतन त्यांना प्रत्येक गोष्ट विचारायचा — काका, दार पूर्वेला ठेवू की इकडे? काका, बसायची काठी किती वर? आणि बाबा, डॉक्टरांनी शंभर वेळा सांगून न बोललेले बाबा, अडखळत सांगायचे. कल्पिता स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकायची आणि डोळे पुसायला कांदा चिरायचं निमित्त पुरायचं.

जाळी ओढताना तिच्या बोटाला तार लागली. रतनने तिचा हात धरला, रक्त पुसलं… आणि पुसून झाल्यावरही धरून ठेवला.

“थांबलं ना आता?” ती हळूच म्हणाली.

“कुठे? अजून येतंय,” तो म्हणाला. येत नव्हतं.

त्या दिवसापासून ती त्याला ‘अरे रतन’ म्हणू लागली.

पंधराव्या दिवशी ती लॅब सुटल्यावर वखारीत गेली. फक्त कडी राहिली होती. रतन कुठेतरी टेम्पो उतरवून घेत होता. कड्या शोधत ती मागच्या शेडमध्ये गेली आणि ताडपत्रीचा कोपरा पाहून तिला गंमत वाटली — आपलंच काहीतरी झाकून ठेवलं असणार! तिने ताडपत्री उचलली.

आरशाचं एक कपाट होतं, घासून पॉलिश केलेलं. शेजारी लहान मुलाची पलंगडी. कपाटावर लाल ऑइलपेंटमध्ये नाव होतं — रुचिता. पलंगडीवर — सान्वी. अक्षर मोत्यासारखं. नावाच्या खाली आरशात कल्पिताचा चेहरा दिसत होता. ती तशीच बघत उभी राहिली.

“कल्पिता…”

“कोण रे ही?” तिने न वळता विचारलं.

रतन पालथ्या ड्रमवर बसला. “वहिनी. दादा गेला दीड वर्षापूर्वी, ट्रॅक्टर उलटून. सान्वी त्यांची, तीन वर्षांची आहे. वहिनीला माहेर असं नाहीच. घरच्यांनी मला विचारलं… मी हो म्हटलं. पाडव्यानंतर लग्न आहे.”

“जबरदस्ती केली?”

“नाही ना. तेच तर. कुणीच जबरदस्ती केली नाही. वहिनीने स्वतः विचारलेलं, भाऊजी, मनापासून म्हणताय का? मी तिच्या पोरीला मांडीवर घेऊन हो म्हटलं. तेव्हा होतंच की मनापासून. तेव्हा तू कुठे होतीस?”

“मला पहिल्या दिवशी सांगायचं होतंस.”

“रोज ठरवायचो. मग तू हसायचीस.”

कल्पिताला संताप आला. रडू आलं. त्या न पाहिलेल्या बाईचा राग करून बघितला, तर तोही धड येईना. नवरा गेलेली, पदरात पोर असलेली बाई. तिच्या ताटातला घास ओढायचा कुठल्या तोंडाने?

“मी थांबव म्हटलं तर?” तरी तिने विचारलंच.

त्याने मान वर केली. डोळे भरलेले. “नको म्हणू. तू म्हटलंस तर मी थांबवीन. आणि मग सान्वीकडे बघताना रोज मरेन.”

बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

“माझं नाव खडूनेच लिहिलंस तू,” ती शेवटी म्हणाली.

“हो. ओलं फडकं मारलं की…” त्याने कपाटावर ताडपत्री पुन्हा ओढून घेतली.

ती कडी न घेताच घरी आली.

विसाव्या दिवशी त्याचा मेसेज आला. कडी लावायला येऊ का, पिल्लांचा दिवस आलाय. तिने लिहिलं, ये, मी लॅबमध्ये असेन. सुट्टी असूनही ती गेली आणि दिवसभर त्याच त्या काचपट्ट्या पुसत बसली. संध्याकाळी परतली तेव्हा कडी बसली होती, खुराडं झाडून ठेवलं होतं आणि बाहेरच्या ग्रिलवर खडूतलं ‘कल्पिता’ होतं तसंच होतं. ते पुसायचा तिला धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी अकरातून नऊ पिल्लं निघाली. बाबांनी एक डाव्या तळहातावर घेतलं आणि उजव्या हाताने — त्या मेलेल्या हाताने — त्याला झाकायचा प्रयत्न केला. दोन बोटं हलली. कल्पिता हसली, आणि हसता हसता तिला जाणवलं, हे ज्याला सांगायचं तो माणूस आता आपला नाही.

पाडवा झाला. रतन वखार सोडून गावी गेला, असं महेंद्रशेठकडून कळलं. तिने नंबर पुसला नाही, लावलाही नाही. मे महिन्यात पिल्लं पंख फुटून परसभर उधळू लागली. एकही मुंगसाच्या तोंडी गेलं नाही. जून सरता सरता ग्रिलवरचं खडूचं नाव पावसाने धुऊन नेलं. तिला वाटलं, बरं झालं. विषय संपला.

त्याच आठवड्यात ठिपकी पुन्हा अंडी घालू लागली. अंडी घालायचा कप्पा आत, अगदी मागे होता. गुडघे टेकून वाकल्याशिवाय हात पोचत नसे. आजवर तो कप्पा पुसायचं काम बाबाच हट्टाने करायचे. पण तीन दिवस त्यांची कंबर धरली होती, म्हणून कल्पिता ओलं फडकं आणि मोबाईलचा टॉर्च घेऊन वाकली.

कप्प्याच्या वरच्या फळीवर, आतल्या बाजूने, लाल ऑइलपेंटने लिहिलेलं होतं — कल्पिता.

ती गुडघ्यांवर तशीच थांबली. बाहेरून बाबांचा आवाज आला, “दिसला का गो बाय?”

“तुम्हाला माहीत होतं?”

“त्यो पोऱ्या त्या दिवशी आतन लय येल बसला होता. भायेर आला तं डोले लाल. डोल्यान भुसा गेलाय, बोलला.” बाबांची खुर्ची करकरली. “तिला सांगू नका, बोलला. मी नाय सांगला.”

कल्पिताच्या हातात ओलं फडकं होतं. तिने ते नावावरून एकदा फिरवलं. मग जोर लावून पुन्हा फिरवलं. रंग आणखी लखलखला, तेवढंच.

“बाय, अंडी कवरी?” बाबांनी विचारलं.

तिने डोळे पुसले, अंडी एकेक करून ओच्यात घेतली.

“तीन, बाबा,” ती आतूनच म्हणाली. “आलेच.”