देवयानीशेजारचा ठिपका

स्वस्तातल्या टॅबवर आकाशाचे फोटो काढायचा नाद कोणी लावून घेऊ नये. स्क्रीनवर दव पडलं की बोट कुठेही लावा, त्याला भलतंच बटण दाबल्यासारखं वाटतं. उजेड कमीत कमी केला तरी डोळे दिपतात, म्हणून मी त्यावर लाल जिलेटिन पेपर चिकटवला होता. आणि काम अगदी शेवटाला आलं की हा हँग. मी भोसरीत एका वर्कशॉपमध्ये गिअर तपासतो. तिथे एखादं मशीन असं वागलं असतं तर मी ते कधीच भंगारात काढायला लावलं असतं.

गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी. शेड बंद, हॅलोजन बंद, त्यामुळे चिखलीतल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवरून त्या दिवशी थोडंफार आकाश दिसतं. एरवी ते कोऱ्या चहाच्या रंगाचं असतं. माझी बायको दीक्षा आमच्या वर्कशॉपशेजारच्याच पॅकिंग युनिटमध्ये आहे. म्हणजे दोघांची मिळून सुट्टीची ही एकच संध्याकाळ, आणि ती मी गच्चीवर घालवायचो.

"अहो, बाहेर जेवायला जाऊ म्हणाला होतात," ती म्हणायची.

"टॅब हँग झालाय. आलोच."

"त्याच्याशीच लग्न लावायला पाहिजे होतं तुमचं." असं म्हणून ती मरून रंगाचा स्वेटर घालून टाकीच्या कट्ट्यावर बसून राहायची. कधीकधी तिथेच डोळा लागायचा तिचा.

मला देवयानी दीर्घिकेचा एक तरी नीट फोटो हवा होता. पद्धत सोपी आहे. साध्या स्टँडवर कॅमेरा, त्यातून टॅबला वायर. टॅब एकामागून एक शेकडो फोटो घेतो, त्यातले तारे जुळवतो आणि सगळे एकावर एक रचतो. पृथ्वी फिरत असल्यामुळे खालचं जे काही मध्ये येईल, डिशची वायर, टाकीचा पाइप, ते फराटे होऊन पसरतं. काचेवरची धूळसुद्धा पसरते. एका जागी राहतं ते फक्त आकाशातलं.

दिवाळीनंतर फोटोत देवयानीच्या शेजारी एक डाग यायला लागला. मी लेन्स पुसली. वायर बदलली. टॅब रीसेट करून पुन्हा सगळं भरलं, त्यात एक अख्खा गुरुवार गेला आणि माझं डोकं फिरलं. डाग तिथेच, ताऱ्याइतका स्पष्ट, जरासुद्धा न पसरलेला.

मग मी तो मोठा करून पाहिला. पाठमोरी बाई होती. मरून स्वेटर, एक वेणी, खांद्यावर डब्याची पिशवी.

मी मागे वळून पाहिलं. दीक्षा कट्ट्यावर बसून मोबाइल बघत होती. टॅबच्या मेमरीत जुने घरचे फोटो होते, त्यातला एखादा यात मिसळला असणार असं मी ठरवलं. तिला दाखवलं नाही. ते सगळे घरचे फोटो मी पुसून टाकले.

पुढच्या गुरुवारी ती पुन्हा फोटोत आली. पण जरा लहान.

त्याच सुमाराला दीक्षा उशिरा उत्तर द्यायला लागली. एकदा सकाळी घरातून निघताना मी विचारलं, "डबा भरलास?" ती गप्प. स्पाइन रोडच्या सिग्नलला, गाडीच्या मागच्या सीटवरून, ती अगदी सहज म्हणाली, "हो, भरला."

रागावली असेल असं वाटलं. रागावण्यासारखं होतंच. पण तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. परभणीहून तिच्या आईचा, कस्तुराबाईंचा, फोन आला. "प्रितम, तिचं नेटवर्क लई खराब झालंय बघा. मी बोलून बोलून थकते, फोन ठेवायला लागले की मग तिचा आवाज येतो."

कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. कान ठणठणीत निघाले. "ऐकू सगळं येतंय," डॉक्टर म्हणाले, "फक्त आवाज आल्यावर बटण उशिरा दाबतात." ते आपल्या मशीनकडेच संशयानं बघत होते.

आधी तासाभरानं येणारं उत्तर दुसऱ्या दिवशी यायला लागलं, मग चार दिवसांनी. बाकी सगळं जागच्या जागी. ती कामाला जायची, स्वयंपाक करायची, रात्री शेजारी झोपायची. हात धरला तर गरम लागायचा.

फोटोतली बाई दर गुरुवारी लहान होत गेली. आधी पिशवी दिसेनाशी झाली, मग वेणी. उरला एक मरून ठिपका.

शाळेत शिकलेली साधी गोष्ट आहे. लांबून काहीही यायला वेळ लागतो. जितकं लांब, तितका उशीर.

हे लक्षात आलं तेव्हा मी गच्चीवरच होतो. मला फार भीती वाटली. टॅब तसाच सोडून खाली धावलो. दीक्षा भांडी लावत होती. मी तिचे दोन्ही खांदे धरले.

"दीक्षा, परत ये. आत्ताच्या आत्ता परत ये."

तिनं माझ्याकडे पाहिलं. शांतपणे माझे हात बाजूला केले आणि उरलेली भांडी लावली.

त्याला आज बारा दिवस झाले. मी गच्चीवर जायचं बंद केलंय. टॅब कपाटात आहे. रोज कामावरून आलो की तिच्यासमोर बसतो आणि वाट बघतो. तिची उत्तरं येतात, पण ती अजून जुन्या बोलण्याची. परवा म्हणाली, "मीठ बरोबर आहे की." काल म्हणाली, "आणते, थांबा." सगळं क्रमानं येतंय. म्हणजे माझी हाक अजून वाटेत आहे, ती पोचेल.

फक्त त्या हाकेच्या आधी मी काय काय बोललो होतो, ते मी आठवत होतो. आज संध्याकाळी आठवलं. त्याच गुरुवारी, तासभर आधी. रचत आणलेले सगळे फोटो टॅबनं घालवले होते, दीक्षा जेवायचं विचारायला वर आली होती, आणि मी मान वर न करता ओरडलो होतो, "तू जा बघू इथून."

मी उठून स्वयंपाकघरात गेलो. ती भाकरी थापत होती. तिनं परातीतली भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"बरं," ती म्हणाली, "जाते."

आणि तिनं भाकरी उलटली.