दुसरा रांजण

ही गोष्ट भर दुपारची आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. रात्रीची असती तर दिनकररावांनी भास म्हणून सोडून दिली असती, आणि गोष्टी सोडून देण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

दिनकरराव रस्त्याच्या कामावरचे ओव्हरसियर. अठ्ठ्याहत्तर सालच्या वैशाखात त्यांना वालूर ते बोरखेडी हा सहा किलोमीटरचा कच्चा रस्ता मोजायला पाठवलं. मोजणी झाली की रस्ता जिल्ह्याच्या यादीत जाणार, डांबर पडणार, एस्टी सुरू होणार. साखळी धरायला भुजंग आणि बन्सीधर हे दोघे जुने गडी बरोबर. काम सरळ होतं. तरी सकाळी वालूरच्या हॉटेलात चहा त्यांनी अर्धाच टाकला, कारण हा रस्ता दुष्काळात त्यांनीच बनवून घेतला होता.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात या रस्त्यावर तीनशे माणसं होती. पुरुष मुरूम खणत, बायका खडी फोडत. प्यायच्या पाण्याला दोन रांजण. एक मधोमध बाभळीखाली, गावातल्या बायकांचा. दुसरा अर्ध्या कोसावर, कामाच्या टोकाला, वस्तीतल्या बौद्ध बायकांचा. ही वाटणी कुठल्या कागदावर नव्हती. पहिल्याच दिवशी पाण्यावरून कुरबुर झाली आणि दिनकररावांनी एक रांजण उचलून लांब नेऊन ठेवला. आपण भांडण मिटवलं, असंच त्यांना वाटलं. टँकर मात्र बाभळीपाशी थांबायचा आणि बरेचदा तिथूनच परत फिरायचा.

एका दुपारी वस्तीतली सत्यशीला त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. ओठ फुटलेले. सायकलच्या दांडीला त्यांची कॅनव्हासची छागल लटकत होती, गच्च भरलेली, तिच्यातून थेंब गळत होते.

"सायेब, घोटभर पाणी द्या," ती म्हणाली.

दिनकररावांचा हात छागलीकडे गेलाही होता. पण बाभळीखालच्या बायका हातोड्या थांबवून बघायला लागल्या, आणि गेलेला हात परत आला.

"पुढं जा," ते म्हणाले. "तिकडं रांजण आहे."

तो रांजण कोरडा आहे, हे त्यांना सकाळपासून माहीत होतं.

ती गेली. संध्याकाळी सापडली तेव्हा रांजणाला टेकलेली होती, उजवा हात खांद्यापर्यंत आत घातलेला. तळाला थोडं काही उरलंय का, ते चाचपत असावी.

कामावर माणूस गेलं म्हणजे चौकशी आली. म्हणून दिनकररावांनी हजेरीपटात तिच्या त्या दिवसाच्या चौकटीत फुली मारली. गैरहजर. तिला कामावर पाहिलेल्यांना कुणी विचारलं नाही. पुढे काय होईल ते त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. कामावर नव्हती, तर भर उन्हाची एकटी रानात कुणाकडे गेली होती? बोरखेडीत हे आधी कुजबुजत बोललं गेलं, मग उघड. नवऱ्यानं दुसऱ्या गावी संसार मांडला आणि तिचं नाव निघालं की तो उठून जायला लागला. उरली सासू केशरबाई. ती तीनदा दिनकररावांकडे आली. माझी सून त्या दिवशी कामावर होती, एवढंच लिहून द्या म्हणत होती. हजेरीपटात नाही ते मी कसं लिहू, असं दिनकररावांनी तिन्ही वेळा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना त्यांना मान वर करता आली नाही.

लाज वाटायची, नाही असं नाही. पण लाज वाटणं आणि काही करणं यांत पाच वर्षं निघून गेली.

तर त्या मंगळवारी सकाळी सातला मोजणी सुरू झाली. भुजंग साखळी घेऊन पुढे, बन्सीधर मागे, दिनकरराव सायकल ढकलत वहीत आकडे मांडत. किलोमीटरच्या दुसऱ्या दगडापर्यंत सगळं सुरळीत झालं. ऊन चढलं तसं त्यांनी दोघांना सावलीला बसवलं आणि पुढची मोरी बघून येतो म्हणून एकटेच निघाले.

बाभळ मागे पडली आणि तहान लागली. छागल उचलली तर हलकी. सकाळी हापशावर त्यांनी स्वतः भरली होती, बूचही घट्ट होतं, पण आत थेंब नव्हता. तोंडाशी धरली तर करपल्याचा वास आला.

तेवढ्यात आवाज ऐकू आला. टक... टक... टक. रस्त्याच्या कडेला खडीचा ढीग होता आणि ढिगाआड एक बाई खाली मान घालून दगड फोडत होती. पदर पार डोळ्यांपर्यंत. दुष्काळी काम बंद होऊन वर्षं झाली, मग ही खडी कुणासाठी, असा प्रश्न शहाण्या माणसाला पडला असता. पण दिनकररावांची जीभ टाळूला चिकटली होती.

"बाई, पाणी आहे का?"

हातोडी थांबली नाही.

"फुडं जावा... तिकडं रांजण हाय."

पन्नासेक पावलं गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की हे आपलेच शब्द आहेत. मागं वळून बघायची छाती झाली नाही. ते चालत राहिले. तिसरा दगड आला, तीन आकडा रंगवलेला. पुष्कळ चालल्यावर पुन्हा दगड आला, आणि त्यावरही तीनच. पाठीमागचा टक टक आवाज लांबही जात नव्हता आणि जवळही येत नव्हता. वारा पडला होता, पाखरू बोलत नव्हतं. हा अर्धा कोस एवढा लांब आहे, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. सायकलवरून कधी कळलं नव्हतं.

मग ओल्या मातीचा वास आला आणि समोर रांजण दिसला. दिनकररावांनी सायकल टाकली, गुडघे टेकले आणि हात आत घातला. कोपरापर्यंत कोरडं. आणखी खाली गेले. खांदा काठाला टेकला, बोटांना तळाची धूळ लागली. आणि त्या धुळीत दुसरी बोटं लागली. तीही चाचपतच होती.

शुद्ध आली तेव्हा सूर्य कलला होता. तिथे रांजण नव्हता, खडीही नव्हती. दिनकरराव सायकल ओढत वालूरला आले, तर रस्त्याच्या सुरुवातीच्या लिंबाखाली भुजंग आणि बन्सीधर वैतागून बसलेले. साखळी बांधलेली, जशीच्या तशी.

"सायेब, कुठं व्हता?" भुजंग म्हणाला. "सकाळपून वाट बघायलोय. इंजिनियर सायबाची जीप येऊन गेली दोनदा."

"अरे, आपण दोन किलोमीटर मोजलं ना..."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "तुमी आज आलेच न्हाईत, सायेब," बन्सीधर हळू आवाजात म्हणाला.

दिनकररावांनी वही उघडली. पान कोरं होतं. हॉटेलवाल्याकडे गेले, त्यानंही मान हलवली. दोन दिवसांत वालूरपासून बोरखेडीपर्यंत बोलणं सुरू झालं, की ओव्हरसियर दिवसभर रानात होता म्हणे, अंगभर धूळ घेऊन आला, कुणाकडे गेला होता कोण जाणे. शब्द तेच होते. ते त्यांनी याआधी ऐकले होते, आणि तेव्हा ते गप्प बसले होते.

तिसऱ्या दिवशी वालूरच्या शाळेत चौकशी बसली. गावातली चार माणसं, भुजंग, बन्सीधर आणि टेबलामागे इंजिनियर. साक्षीदार असेल तर आणा, नाहीतर नोकरीचं काही सांगता येत नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. दिनकरराव जमिनीकडे बघत उभे होते. घरी तीन मुली होत्या. आणि दारातून केशरबाई आत आली, तिला कुणी बोलावलं नव्हतं.

"जयभीम. हे मंगळवारी सकाळपून रस्त्यावर व्हते," ती म्हणाली. "हजर व्हते. लिवून घ्या."

"तुमचे कोण लागतात हे, बाई?" इंजिनियरनी विचारलं.

"कोणी न्हाई. माज्या सुनेचे ओव्हरसियर व्हते."

इंजिनियरनी मान डोलावली आणि गैरहजरीच्या शेऱ्यावर रेघ ओढली. म्हणजे एवढं सोपं होतं हे. एक रेघ. दिनकररावांना त्या क्षणी मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाचले होते, घरी जाता आलं असतं. पण ते टेबलापुढेच उभे राहिले.

"साहेब, आणखी एक लिहून घ्या," ते म्हणाले. "हिची सून सत्यशीला... ती मेली त्या दिवशी कामावर हजर होती. मला पाणी मागितलं होतं. माझ्याजवळ होतं. मी दिलं नाही. तिच्या नावापुढची फुली माझी आहे."

इंजिनियरनी लिहून घेतलं, खाली दिनकररावांची सही घेतली, आणि गावातल्या चौघांना अंगठे उठवायला लावले. आता नोकरी राहील की जाईल, हे दिनकररावांनी विचारलं नाही.

बाहेर शाळेच्या हापशाजवळ त्यांनी केशरबाईला गाठलं.

"केशरबाई, तुम्ही मला कुठं पाहिलंत? त्या दिवशी रस्त्यावर कुणीच नव्हतं."

"मी कुठं बघितलं," ती म्हणाली. "मी तर आठ दिस सोनपेठला लेकीकडं व्हते. आज सकाळच्या एस्टीनं वालूरला उतरले, चालत घरी गेले."

"मग..."

केशरबाईनं पदरानं तोंड पुसलं. घाबरलेली नव्हती, थकलेली होती.

"घरी आले तर उंबऱ्यात बसली व्हती. म्हणली, ओव्हरसियर हजर व्हता, जाऊन सांगा. खोटी फुली लय वाईट असती." ती थोडं थांबली. "मी इचारलं, पाणी पिलीस का बाई? काई बोलली न्हाई. पर तिचा उजवा हात वला व्हता, सायेब. खांद्यापस्तोर."